तालुक्याच्या कॉलेजात संगीत घेऊन बीए करायचं असेल तर

बारावीचा रिझल्ट लागला की दरवर्षी माझ्या क्लासमधली दोन-तीन मुलं तरी विचारतात, ताई, आपल्या इथल्या कॉलेजात संगीत आहे, घेऊ का, पुण्या-मुंबईला जायची तर ऐपत नाही. आणि मागे उभे असलेले आई-वडील विचारतात, घेऊन पुढे काय. मी स्वतः विदर्भातल्या एका तालुक्याच्या कॉलेजातून संगीत (गायन) घेऊन बीए केलं, नंतर एमए, नेट (कॉलेजात शिकवायची पात्रता परीक्षा), आता एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाच्या मानधनावर शिकवते आणि संध्याकाळी घरी क्लास घेते. त्यामुळे प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. माझं उत्तर आहे की घ्या, नक्की घ्या, फक्त कॉलेजच सगळं शिकवेल या भरवशावर घेऊ नका. छोट्या कॉलेजात तुम्हाला तीन-चार वर्षांचा वेळ मिळतो, एक खोली मिळते, आणि तुमचा सा रोज ऐकणारा एक माणूस मिळतो. मोठ्या शहरात लोक याच तीन गोष्टींसाठी पैसे मोजतात. आपण त्या वसूल करायच्या.

आधी ॲडमिशनचं. फॉर्म भरायच्या आधी कॉलेजात प्रत्यक्ष जा, आणि ऑफिसच्या खिडकीवर न विचारता संगीत विभागात जाऊन विचारा. पहिला प्रश्न, संगीत मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून आहे का. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून नवीन शैक्षणिक धोरणाप्रमाणे मेजर-मायनर सुरू झालं आणि बऱ्याच छोट्या कॉलेजात विषय "आहे" म्हणतात, पण तो असतो मायनर (दुय्यम विषय) किंवा ओपन इलेक्टिव्ह (जोडीचा ऐच्छिक विषय) म्हणून, आणि पोरांना हे दुसऱ्या वर्षाला कळतं. पुढे एमए संगीतच करायचं डोक्यात असेल तर हा फरक फार महत्त्वाचा आहे. दुसरा प्रश्न, शिकवणारे सर किंवा मॅडम कायम आहेत की तासिका तत्त्वावर. तासिकावाले वाईट शिकवतात असं अजिबात नाही, मी स्वतः तीच आहे, पण त्यांच्या नेमणुका दरवर्षी नव्याने होतात आणि कधी कधी ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, म्हणजे तुमचं पहिलं सेमिस्टर अर्धं रिकामं जातं, तेव्हा त्या काळात कोणाकडे शिकायचं ते आधीच ठरवून ठेवा. तिसरा प्रश्न, तबल्याला कोण आहे. चौथा, तानपुरा आहे का आणि तो वाजतो का. आणि पाचवा, चौथं वर्ष म्हणजे ऑनर्स इथेच होतं की तीन वर्षांनी बाहेर पडावं लागतं. तीन वर्षांची पदवी १३२ क्रेडिटची आणि चार वर्षांची १७६ ची, पण चौथं वर्ष प्रत्येक कॉलेजात नसतं.

आता क्रेडिटवरून एक हिशेब सांगते, तो समजला की पुढचं सगळं आपोआप समजेल. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास, प्रॅक्टिकलचं एक म्हणजे ३० तास. समजा तुमच्या मेजरच्या एका पेपरला २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल आहे, म्हणजे सेमिस्टरला ६० तास, १५ आठवड्यांत वाटले तर आठवड्याला ४ तास. वर्गात आठ जण असतील तर तुमच्या एकट्याच्या गळ्याच्या वाट्याला येतो आठवड्याचा अर्धा तास. तेही गॅदरिंग, खेळ, निवडणुका, परीक्षांची बैठक व्यवस्था यातून काही बुडालं नाही तर. आणि एवढ्यात चार-पाच राग, त्यातला एखादा बडा ख्याल (संथ लयीतला), बाकीचे छोटे ख्याल (जलद लयीतले), तराणा, ताल. म्हणून म्हणते की कॉलेजातला तास दुरुस्तीसाठी वापरायचा, पाठांतर घरूनच करून जायचं. बंदिश, म्हणजे रागात बांधलेलं गीत, वर्गात पाठ करत बसलात तर सरांचे कान तुमच्या शब्दांवरच खर्ची पडतात, सुरापर्यंत ते पोचतच नाहीत.

पट्टीची, म्हणजे आपण आपला सा ज्या उंचीवर धरतो तिची, गोष्ट मला जरा सविस्तर सांगायची आहे, कारण छोट्या वर्गात गळे बिघडतात ते इथेच. आमच्या वर्गात सात मुली, चार मुलं, पेटी एक. मुलींची पट्टी साधारण काळी चार किंवा काळी पाच (पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी), मुलांची काळी एक-दोन. सगळ्यांना एकदम शिकवायचं म्हणून सर काळी तीन धरायचे. त्यात आम्हा मुलींना मंद्र पंचमाला (खालच्या सप्तकातल्या प ला) आवाजच नसायचा, नुसती हवा, आणि मुलं तार षड्जाला (वरच्या सा ला) मान वर करून ओरडायची. त्यातला एक मुलगा गावच्या भजनी मंडळातून आलेला, लहानपणापासून सगळ्यांच्या वर आवाज काढायची सवय, त्याला तर वाटायचं की उंच लागला म्हणजेच चांगला लागला. सहा महिन्यांत दोघींचे गळे बसले, त्यातली एक मी. मग आम्हीच सरांना विनंती केली की आठवड्याचे दोन दिवस मुलींच्या पट्टीत घ्या, दोन दिवस मुलांच्या, ज्यांचा दिवस नाही त्यांनी हातावर ताल द्यायचा आणि नोटेशन म्हणजे स्वरलेखन करायचं. सर लगेच हो म्हणाले, त्यांनाही ते खटकतच होतं. तुमच्या वर्गात असं असेल तर गप्प बसू नका, अदबीने बोला. पण आधी स्वतःची पट्टी ठरवून घ्या, आरामात मंद्र पंचम ते तार मध्यम-पंचम जिथे जातं ती तुमची पट्टी, आणि ती दुसऱ्याच्या सोयीसाठी रोज बदलायची नाही. भजनी मंडळातून आलेल्यांना वेगळं सांगते, तुमच्याकडे ताल, पाठांतर आणि चार माणसांसमोर बसायचं धाडस आधीच आहे, ते शहरातल्या मुलांकडे नसतं. फक्त सहा महिने पट्टी उतरवून खर्जाचा रियाज करा, सकाळी २० मिनिटं नुसता मंद्र सप्तक, दम लागेपर्यंत ओढायचं नाही, पण रोज करायचं.

तबल्याचंही असंच. छोट्या कॉलेजात तबल्याचा माणूस बहुतेक वेळा परीक्षेच्या दिवशीच उगवतो, तोपर्यंत सगळं मोबाईलच्या ॲपवर. ॲप वाईट नाही, मीही वापरते, पण ॲप तुमच्यासाठी थांबत नाही आणि तुम्ही चुकलात तर सांगतही नाही. विलंबित एकतालात (संथ लयीतला बारा मात्रांचा ताल) तर फारच फसायला होतं, एकेका मात्रेत चार-चार मोजायचे म्हणजे तालाच्या एका फेरीत, आवर्तनात, ४८, आणि समेच्या म्हणजे पहिल्या मात्रेच्या आधी मुखडा (बंदिशीची पहिली ओळ) उचलायची जागा कानाला सापडली पाहिजे, मोजून सापडत नाही. त्यासाठी माणूसच हवा. गावात भजनाला वाजवणारा कोणीतरी असतोच, त्याला केरवा, दादरा, भजनी ठेका सुंदर येतो, ख्यालाचे ठेके कदाचित येत नाहीत. त्याच्याकडे जा, आठवड्यातून एक दिवस एकत्र बसा, तुम्ही त्याला एकतालाचा ठेका लिहून द्या, तो तुम्हाला लय देईल. मला असाच एक दादा मिळाला होता, दिवसभर वेल्डिंगचं दुकान आणि संध्याकाळी तबला, त्याने मला लयीचं जे दिलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. आणि परीक्षेच्या निदान एक महिना आधी प्रत्येक राग एकदा तरी जिवंत तबल्यावर गाऊन झालेलाच पाहिजे.

खोली आणि किल्ली. संगीताचा वर्ग सकाळी आठला उघडून मिळत असेल तर तुम्ही नशीबवान. घरी रियाज करायला जागा नसते, शेजारी असतात, अभ्यास करणारा लहान भाऊ असतो, मुलींना तर आणखी कायकाय ऐकावं लागतं. म्हणून विभागप्रमुखांची लेखी परवानगी घ्या आणि शिपाईमामांशी नीट वागा, किल्ली त्यांच्याकडे असते. आम्ही तिघी रोज ८ ते ९.३० बसायचो, खोली झाडून, पेटी पुसून परत लावून जायचो, तीन वर्षांत एकदाही कुणी नाही म्हटलं नाही.

आमच्या विभागात तानपुऱ्याची जोडी होती, पण गवसणीत बांधून कपाटावर ठेवलेली, तारा गंजलेल्या, कारण काय तर मुलं फोडतील. आम्ही वर्गणी काढून तारांचा एक संच मागवला, एका खुंटीला घसरू नये म्हणून खडू लावला आणि शिकत शिकत तो तानपुरा लावला. पहिली तार पंचम, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या म्हणजे सा च्या, शेवटची खर्ज म्हणजे खालच्या सा ची. आधी जोड लावायचा, मग खर्ज, मग पंचम, खुंटीने जवळ आणायचं आणि शेवटचं बारीक काम मण्याने करायचं. त्यानंतर जवारी, म्हणजे घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसाएवढा मागे-पुढे सरकवत जायचं, आणि एका जागी ती तार अचानक बोलायला लागते, तिच्यात गांधार म्हणजे ग ऐकू येतो. खर्जाच्या तारेतून न लावलेला गांधार ऐकू आला तो दिवस मला अजून आठवतो, आम्ही तिघी एकमेकींकडे बघतच राहिलो. त्यानंतर माझा यमन रागातला गांधार बदलला, तो कुठे लावायचा हे कानाने सांगायला सुरुवात केली. ॲपच्या तानपुऱ्यावर रोज रियाज करा, हरकत नाही, पण तीन वर्षांत खरा तानपुरा लावायला शिकल्याशिवाय डिग्री घेऊ नका. मिरजेचे सतार-तानपुरे नावाजलेले, २०२४ मध्ये त्यांना जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं, कधी त्या बाजूला गेलात तर सतारमेकर गल्लीत एखाद्या कारागिराच्या दुकानात तासभर बसून या, भोपळ्यापासून तानपुरा कसा होतो ते बघितलं की वाद्याला हात लावायची पद्धतच बदलते.

आता थिअरी. बहुतेक मुलं थिअरीला परीक्षेच्या आधीच्या आठ दिवसांचं काम समजतात आणि मार्क तिथेच जातात. तुमच्यापैकी बरेच जण गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रवेशिका, मध्यमा या परीक्षा देऊन आलेले असतात, काहींनी तर दहावीच्या वाढीव मार्कांसाठीच दिलेल्या असतात. तिथे पलुस्कर पद्धतीचं नोटेशन शिकलेलं असेल आणि कॉलेजात भातखंडे पद्धत आली तर पहिल्याच टेस्टला गोंधळ होतो. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तारला वर टिंब, समेला गुणिले, खालीला (टाळी न देता दाखवायच्या मात्रेला) शून्य. पलुस्कर पद्धतीत मंद्राला टिंब वर येतं, तार सप्तकाला स्वराच्या डोक्यावर उभी रेघ येते, समेला १ आणि खालीला अधिक. बघा, तेच वरचं टिंब एका पद्धतीत तार आहे आणि दुसऱ्या पद्धतीत मंद्र, आणि तीच उभी रेघ एकीकडे तीव्र आणि दुसरीकडे तार. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही पद्धती शेजारी शेजारी लिहून ठेवा आणि आठवड्याला एक बंदिश दोन्हीत लिहा, दोन महिन्यांत हात बसतो.

आणि थिअरी गळ्याला जोडूनच शिका. भूप आणि देशकार हे दोन राग घ्या. दोन्हीत सा रे ग प ध हेच पाच स्वर, मध्यम निषाद दोन्हीत नाहीत. पुस्तकात लिहिलेलं असतं, भूप कल्याण थाट (थाट म्हणजे रागांचा गट), वादी म्हणजे मुख्य स्वर गांधार, रात्रीचा पहिला प्रहर, देशकार बिलावल थाट, वादी धैवत, सकाळी. हे पाठ करून तुम्ही पाच मार्क मिळवाल. पण तानपुरा लावून आधी गांधारावर येऊन थांबत, मंद्र-मध्य सप्तकात फिरत दहा मिनिटं गा, मग तेच स्वर घेऊन मध्य सप्तकाच्या धैवतावर बसा, पंचमापर्यंत या आणि परत धैवताकडेच जा, गांधारावर रेंगाळू नका. राग तुमच्या डोळ्यांदेखत बदलतो. एकदा हे गळ्याने केलं की वादी-संवादी, पूर्वांग-उत्तरांग हे शब्द आयुष्यात विसरत नाहीत, आणि उत्तर लिहिताना आपोआप दीड पान होतं.

जीवनचरित्रांचे प्रश्न येतात तेव्हाही तसंच करा. नोटेशनच्या त्या दोन पद्धती घालून देणारे भातखंडे १८६० ते १९३६, पलुस्कर १८७२ ते १९३१, पलुस्करांनी लाहोरला काढलेलं गांधर्व महाविद्यालय १९०१, एवढं पाठ करून थांबू नका. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी, या तिघांचं एकामागून एक ऐका. जयपूर घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या मोगूबाई कुर्डीकर, आणि त्यांच्या कन्या आणि शिष्या किशोरीताई आमोणकर, यांचंही ऐका. घराणं, म्हणजे गुरू-शिष्यांतून आलेली गायकी, काय असतं हे मग कानाला समजतं. सुरुवातीला तासाभराच्या मैफिली कळत नाहीत, मलाही कळायच्या नाहीत, म्हणून जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांचे रेकॉर्डिंग ऐका. त्या साधारण तीन-सव्वातीन मिनिटांच्या, त्यामुळे त्या जमान्यातल्या गवयांनी अख्खा राग तीन मिनिटांत मांडलेला आहे, स्थायी, अंतरा, दोन-चार आलाप, ताना आणि खलास. परीक्षेत "हा राग थोडक्यात दाखवा" म्हणतात तेव्हा नेमकं हेच करायचं असतं. रोज एक तबकडी, सलग तीनदा, तिसऱ्या वेळी हातावर ताल देत.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेबद्दल. बाहेरून एक परीक्षक येतात, तुमच्या पसंतीचा राग विचारतात, तो सगळ्यांचाच तयार असतो. कस लागतो तो त्यानंतर. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत मला विचारलं, वृंदावनी सारंगात निषाद कोणता. मी झटकन म्हणाले, दोन्ही, आरोहात शुद्ध, अवरोहात कोमल. परीक्षक म्हणाले, बरोबर, आता गाऊन दाखवा. आणि मी अडकले, आरोहातसुद्धा माझा कोमलच लागत होता, कारण मी बंदिशीच्या बाहेर तो राग कधी गायलेच नव्हते. म्हणून प्रत्येक रागाचा आरोह, अवरोह, पकड (राग ओळखू येईल असा छोटा स्वरसमूह), आणि त्याशिवाय स्वतःच्या मनाने केलेले चार आलाप तयार पाहिजेत. "नियम बोला" आणि "नियम गा" या दोन वेगळ्या तयाऱ्या आहेत.

ताल हातावर दाखवताना दुगुनपर्यंत म्हणजे दुप्पट लयीपर्यंत सगळे जातात, तिगुनीला म्हणजे तिप्पट लयीला पाणी पितात. एक सोपी गोष्ट सांगते. झपताल दहा मात्रांचा, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. दुगुन केली तर अख्खा ताल पाच मात्रांत बसतो, म्हणून एका आवर्तनात समेवर यायचं तर सहाव्या मात्रेपासून म्हणजे खालीपासून सुरू करायची. तिगुनीला दहा भागिले तीन, म्हणजे सव्वातीनपेक्षा जरासं जास्त, त्यामुळे सातव्या मात्रेतच सुरू करायची पण तिचे तीन भाग करून पहिले दोन सोडायचे आणि तिसऱ्या भागावर धी, मग आठ, नऊ, दहा या तीन मात्रांत तीन-तीन बोल, झाले दहा. त्रितालातही तसंच, अकराव्या मात्रेचे दोन भाग रिकामे आणि तिसऱ्यावर धा. हे कागदावर चौकटी आखून लिहा, मग चालता-चालता म्हणा, प्रत्येक पावलाला एक मात्रा. मी कॉलेजला जाताना दीड किलोमीटर हेच करायचे.

मायनर काय घ्यायचं हे बरेच जण विचारतात. माझं मत हिंदी नाहीतर मराठी. आपल्या बहुतेक बंदिशी ब्रज भाषेत आहेत आणि आपली मुलं अर्थ न समजता गातात. सगरी रैन म्हणजे सगळी रात्र, बेगि म्हणजे लवकर, नियरे म्हणजे जवळ, एवढं माहीत असलं तरी शब्द कुठे तोडायचा आणि कुठे नाही ते समजतं. कॉम्प्युटरचा एखादा स्किल कोर्स असेल तर तोही घ्या, रेकॉर्डिंग, एडिटिंग पुढे पोटाला उपयोगी पडतं.

फील्ड प्रोजेक्टसारखी, म्हणजे बाहेर फिरून माहिती गोळा करायच्या कामासारखी, वाया जाणारी संधी मात्र दुसरी नाही, पोरं इंटरनेटवरून उतरवून देतात आणि मला फार वाईट वाटतं. तालुक्याच्या कॉलेजात शिकता म्हणजे तुमच्या हाताशी जे आहे ते शहरातल्या विद्यार्थ्याला शोधत यावं लागतं. विदर्भात असाल तर भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या बायका, दंडार हे लोकनाट्य करणारी मंडळी, खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारी मंडळं, जात्यावरच्या ओव्या आठवणारी आजी. मोबाईलवर रेकॉर्ड करा, गाणाऱ्याची परवानगी घ्या, तारीख-गाव लिहा, मग स्वर काढून नोटेशन करा. नोटेशन करताना लक्षात येतं की आजीची ओवी चार-पाच स्वरांतच फिरते आणि तिचा गांधार आपल्या पेटीवरच्या कोमल-शुद्ध दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. हे लिहायचं कसं, यावरच तुमचं अर्धं प्रोजेक्ट होतं. माझी अशी एक वही आहे, त्यातल्या दोन आजी आता नाहीत.

युवा महोत्सवात भाग घ्या, शास्त्रीय गायनात नंबर आला नाही तरी समूहगीत, लोकसंगीत यात जा. विद्यापीठातून निवड झाली तर पुढे राज्याच्या इंद्रधनुष्य या आंतरविद्यापीठ महोत्सवापर्यंत जाता येतं. खरा फायदा म्हणजे दुसऱ्या कॉलेजची आपल्याच वयाची मुलं काय गातात ते कळतं, छोट्या गावात ती तुलना मिळतच नाही. फक्त स्पर्धेच्या एका रागामागे चार महिने घालवून बाकीचे राग सोडून देऊ नका.

बाहेर गुरू करावा का? करावा, जमत असेल तर दुसऱ्या वर्षापर्यंत नक्की. महिन्यातून दोनदा जिल्ह्याच्या गावी जाऊन शिकलं तरी चालतं. पण कॉलेजच्या सरांना आधी सांगा, लपवू नका. दोघांचा राग मांडायचा ढंग वेगळा असेल, एक म्हणतील असा घे, दुसरे म्हणतील तसा, तर ज्यांच्या समोर बसला आहात त्यांच्यासारखा गा आणि घरी येऊन दोन्ही वहीत लिहा. एकाचं दुसऱ्याला सांगत बसू नका. आणि गुरूकडे शिकत असल्याचं प्रमाणपत्र वेळेवर घेऊन ठेवा, कारण केंद्र सरकारच्या सांस्कृतिक मंत्रालयाची १८ ते २५ वयाच्या कलाकारांसाठी स्कॉलरशिप आहे, दोन वर्षं महिना ५,००० रुपये, तिथे गुरूकडच्या किमान पाच वर्षांच्या तालमीचा दाखला लागतो. गावातल्या मुलांना ती माहीतच नसते.

आता आई-वडिलांचा प्रश्न. संगीतात बीए केल्यावर लगेच नोकरी लागते असं मी कोणाला सांगत नाही. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक संगीत शिक्षकाच्या जागा निघतात तेव्हा संगीतातली पदवी मागतात, खाजगी शाळाही घेतात. कॉलेजात शिकवायचं तर एमए आणि नेट-सेट, नेटला संगीताचा विषय कोड १६, परीक्षा वर्षातून दोनदा. एमएसाठी पुण्यात ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठ, एसएनडीटी, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, राज्याबाहेर खैरागड, बडोदा, बनारस. गोव्याच्या मुलांना पणजीला गोवा कॉलेज ऑफ म्युझिक आहेच. पण गावात राहून पोट भरायचं तर दुसऱ्या वर्षापासूनच तयारी करा, पेटीची साथ शिका. गायला शंभर जण तयार असतात, नीट साथ करणारा एखादाच, आणि बोलावणी त्यालाच जास्त येतात. लहान मुलांना प्रारंभिक-प्रवेशिकेला बसवणारा क्लास सुरू करा, चार मुलं आली तरी चालेल, शिकवायला लागलं की आपलंच पक्कं होतं. माझ्या एमएची फी अशीच पाच मुलांच्या क्लासमधून निघाली, घरून एक रुपया घेतला नाही, आणि त्यानंतर बाबांनी "पुढे काय" विचारणं बंद केलं.

शेवटचं एक काम, हे पहिल्याच आठवड्यात करा. दोनशे पानी दोन वह्या घ्या. एकीत बंदिशी, राग, ताल, कोणी शिकवली, कोणत्या तारखेला. दुसरीत रोजचा रियाज, किती मिनिटं, काय लागलं, काय लागलं नाही, दोन ओळी बस. एमएच्या प्रवेशाला मला विचारलं होतं, किती राग येतात, मी वही पुढे केली, २७ राग, ६१ बंदिशी. त्यांनी ती उघडून मधलंच एक पान काढलं आणि म्हणाले, हा गा.